धुळीची मर्यादा निम्मी करताना: एका नियमाच्या परिणाम मूल्यमापनाचं प्रकरण

हे प्रकरण एका देशाच्या कामगार खात्यातलं आहे. त्या काळात मी खात्याच्या मूल्यमापन कक्षात काम करत होते. कुठलाही नवा नियम मंजुरीला जाण्याआधी त्याचा खर्च किती, लाभ किती आणि भार कुणावर पडेल, हे मांडून दाखवणं हे आमचं काम. ओळख पटू नये म्हणून देश, माणसं आणि खात्यांतर्गत आकडे वगळले आहेत. बाकी घडलं ते जसंच्या तसं सांगते, कारण आमच्या चुका हिशेबातल्या नव्हत्या. हिशेब सुरू होण्याआधीच त्या होऊन गेल्या होत्या.

पार्श्वभूमी

दगड कापताना, घासताना किंवा त्याला भोक पाडताना उडणाऱ्या धुळीत स्फटिक सिलिका असते. तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथे कायमचे व्रण करतात. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही, झालेलं नुकसान भरून येत नाही. अशा कामगाराला क्षयरोग होण्याचा धोका वाढतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्येच श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

हा आजार साधारणपणे दहा वर्षांहून जास्त काळ धूळ खाल्ल्यावर दिसतो. आमच्याकडे मात्र छातीच्या डॉक्टरांना तरुण कामगारांमध्ये तो दिसू लागला होता. ही मुलं ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडावर काम करत होती. संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते, ग्रॅनाइटमध्ये बरीच, आणि राळेत क्वार्ट्झचा चुरा दाबून बनवलेल्या या कृत्रिम दगडात तिचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. दगड नवा होता, पण कापायची पद्धत तीच जुनी, कोरडी.

डॉक्टरांचं पत्र बातम्यांत आलं. आठवड्याभरात मंत्र्यांनी जाहीर केलं की कामाच्या जागी हवेतल्या सिलिकेची मर्यादा निम्मी करणार. प्रतिघनमीटर १०० मायक्रोग्रॅमवरून ५०. हा ५० चा आकडा हवेतून आला नव्हता. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी हीच मर्यादा ठरवली होती. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी फाइल आमच्याकडे आली. वर शेरा होता, ‘परिणाम मूल्यमापन जोडून सादर करावे’.

‘जोडून’ हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. निर्णय आधी आणि मूल्यमापन मागून, हाच त्याचा अर्थ.

मूल्यमापन कशासाठी असतं

ही पद्धत कशी आली ते थोडक्यात. अमेरिकेत अध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये आदेश काढून मोठ्या नियमांसाठी खर्च आणि लाभाचा हिशेब सक्तीचा केला. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये तो बदलला, पण गाभा ठेवला. वर्षाला १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त परिणाम असलेला नियम सविस्तर तपासणीला जातो. युरोपीय आयोगाने २००२ पासून अशी मूल्यमापनं सुरू केली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१२ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली की हे काम धोरण बनण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातच व्हावं.

पद्धती अनेक, प्रश्न मात्र सगळीकडे जवळपास तेच. अडचण नेमकी काय आहे? सरकारने काहीच केलं नाही तर काय होईल? कोणकोणते मार्ग आहेत? प्रत्येक मार्गाचा खर्च कोण सोसेल आणि लाभ कुणाला होईल? नियम पाळला जाईल का? आणि तो चालला की नाही हे नंतर कशावरून कळेल?

आम्ही यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर महिने घालवले. दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाला पहिल्या मसुद्यात मिळून दीड पान दिलं होतं.

अडचण: आधाररेषाच माहीत नव्हती

कुठल्याही नियमाचा परिणाम मोजायचा तर आधी आज काय चाललंय ते माहीत हवं. त्यालाच आधाररेषा म्हणतात. आमच्या पहिल्या मसुद्यात आम्ही धरलं की आज सगळे कारखाने १०० ची मर्यादा पाळतात आणि नव्या नियमानंतर सगळे ५० पाळतील. म्हणजे धूळ निम्मी, आणि त्या प्रमाणात आजार कमी. कागदावर हे नीटनेटकं दिसत होतं.

हवेतली सिलिका मोजायची तर कामगाराच्या कॉलरजवळ फिल्टर लावावा लागतो, कमरेला छोटा पंप बांधून पूर्ण पाळीभर हवा ओढावी लागते आणि मग तो फिल्टर प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मोठ्या कारखान्यांत हे होत होतं. चार-पाच माणसांच्या कार्यशाळांत कुणी पंप पाहिलेलासुद्धा नव्हता. आम्ही खात्याच्या नोंदी काढल्या, तेव्हा लहान कार्यशाळांचे नमुने जवळजवळ नव्हतेच. जिथे मोजमाप होत नाही तिथे मर्यादा १०० आहे की ५०, याने काय फरक पडतो? हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही. तो विचारला छाननी मंडळाने, आणि तोही तीन महिन्यांनी.

बऱ्याच देशांत अशी मंडळं आहेत. जर्मनीत २००६ मध्ये, ब्रिटनमध्ये २००९ मध्ये स्वतंत्र समित्या आल्या. युरोपीय आयोगाचं आजचं छाननी मंडळ २०१५ चं. नियम हवा की नको हे ते सांगत नाहीत. हिशेब विश्वासार्ह आहे की नाही, एवढंच पाहतात. आमच्याकडेही असंच मंडळ होतं, आणि त्याने आमचा मसुदा परत पाठवला. शेरे दोनच होते. आधाररेषेला पुरावा नाही. शंभर टक्के पालन गृहीत धरलं आहे, त्यालाही पुरावा नाही.

खात्यात नाराजी पसरली. ‘लोक आजारी पडताहेत आणि हे कागद तपासत बसलेत,’ असं एक वरिष्ठ बैठकीत म्हणाले. त्यांची तळमळ खरी होती. पण मंडळाचं म्हणणं मला त्या रात्री झोप येऊ देईना. पाळला न जाणारा नियम आजारी माणसाच्या काय कामाचा?

पहिला निर्णयबिंदू: कारखान्यात जायचं की आकडे दुरुस्त करायचे

सोपा मार्ग समोर होता. शंभर टक्क्यांच्या जागी ऐंशी टक्के पालन धरायचं, खाली एक तळटीप टाकायची आणि मसुदा पुन्हा पाठवायचा. वेळेचा दबावही होता. आमच्या कक्षप्रमुखांनी तो मार्ग नाकारला आणि आम्हाला सहा आठवडे मिळवून दिले. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय कुठला असं मला विचारलं, तर मी हाच सांगेन.

कामगार निरीक्षकांपासून सुरुवात केली. एक निरीक्षक म्हणाले, “मॅडम, मी दारात उभा राहिलो की पाणी चालू आहे की नाही ते मला दिसतं. ५० मायक्रोग्रॅम मला दिसत नाही. त्यासाठी पंप लावायचा, प्रयोगशाळेची वाट बघायची, आणि निकाल येईपर्यंत ते काम संपून दुसरं सुरू झालेलं असतं.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढे सगळा नियम त्यावरच उभा राहिला.

मग कार्यशाळा पाहिल्या. जाहीर सल्लामसलतीत लहान मालकांच्या सूचना जवळजवळ आल्याच नव्हत्या, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. मसुदा सूचनांसाठी खुला केला होता, मुदत पुरेशी होती, पण भाषा कायद्याची, पानं शेकड्याने आणि बैठका कामाच्या वेळी. मोठ्या उद्योगांच्या संघटनेने जाडजूड अहवाल पाठवला होता. कामगार संघटनेने चांगलं निवेदन दिलं होतं, पण तिचे सभासदही मोठ्या कारखान्यांतलेच. ज्या जागी सगळ्यात जास्त धूळ होती, तिथून एकही आवाज आमच्यापर्यंत पोचला नव्हता. सूचना आल्या नाहीत म्हणजे हरकत नाही, असा अर्थ आम्ही लावला होता. तो चुकीचा होता.

संध्याकाळी काम संपल्यावर आम्ही त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. एका मालकीणबाईंनी त्यांचं गणित समजावलं. पाणी सोडणारं यंत्र परवडतं. धूळ ओढून घेणारी मोठी यंत्रणा परवडत नाही. हवेचं मोजमाप करून घेण्याचा खर्च तर दरवर्षीचा, आणि त्यातून हातात येतो फक्त एक कागद. “मला काय करायचं ते सांगा, मी करते. आकडा सांगून निघून जाऊ नका,” असं त्या म्हणाल्या.

त्याच कार्यशाळेत एक वयस्कर कारागीर होते. जाताना ते म्हणाले, “मॅडम, इथली धूळ काहीच नाही. दगड घरी बसवायला नेतो ना, तिथे शेवटची छाट मारावी लागते. बंद खोलीत, कोरडी.” हेही मी वहीत लिहून घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगते.

तोललेले पर्याय

परत आल्यावर पर्यायांची यादी पुन्हा मांडली. जुनीच मर्यादा ठेवून तपासणी वाढवणं, मंत्र्यांनी जाहीर केलेली ५० ची मर्यादा आणि सगळ्यांना मोजमाप सक्तीचं, कामनिहाय पद्धती ठरवून देणं, कृत्रिम दगडावर बंदी, आणि नुसतं प्रशिक्षण व यंत्रांसाठी मदत. शेवटचा पर्याय लवकर बाद झाला, कारण एकट्याने तो पुरणार नव्हता. पहिला तपासणाऱ्यांच्या संख्येपाशी अडला.

बंदीवर आम्ही जेमतेम एक परिच्छेद लिहिला. राजकीयदृष्ट्या ती शक्य नाही असं सगळ्यांनी धरलं होतं आणि आम्हीही ते मान्य करून टाकलं. पुढे ऑस्ट्रेलियाने नेमकं हेच केलं. तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेने परिणाम मूल्यमापन करून बंदीची शिफारस केली, २०२३ च्या डिसेंबरात मंत्र्यांनी ती मान्य केली आणि १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी आली. ते वाचलं तेव्हा आमचा तो परिच्छेद मला आठवला. पर्याय शक्य नाही हे ठरवणं आमच्या अधिकारात नव्हतं. तो तोलून दाखवणं आमचं काम होतं, आणि ते आम्ही केलं नाही.

खरी चुरस दोन पर्यायांत होती, आकडा की पद्धत. पद्धतीच्या बाजूने अमेरिकेचं उदाहरण हाताशी होतं. २०१६ च्या त्यांच्या नियमात बांधकामासाठी एक तक्ता आहे. अमुक काम, अमुक यंत्र, त्याला इतकं पाणी किंवा असं धूळ-शोषण, आणि अमुक वेळेपेक्षा जास्त काम असेल तर अमुक मास्क. तक्ता पूर्ण पाळणाऱ्याला हवा मोजावी लागत नाही. लहान मालकाला आणि निरीक्षकाला, दोघांनाही कळेल अशी ही भाषा आहे.

आम्ही दोन्ही पर्याय तीन प्रकारच्या पालनावर चालवून पाहिले: सगळे पाळतात, निम्मे पाळतात, थोडेच पाळतात. सगळे पाळत असतील तर आकड्याचा पर्याय वरचढ ठरत होता. पण पालन खाली आलं की त्याचे लाभ कोसळत होते आणि प्रामाणिक कारखान्यांचा खर्च मात्र तसाच राहत होता. तक्त्याचा पर्याय सगळ्यात चांगल्या परिस्थितीत थोडा मागे पडत होता, पण पालन कमी झालं तरी तो तितका ढासळत नव्हता, कारण पाणी बंद आहे हे कुणालाही दिसतं. इथे आमचं मत बदललं.

दुसरा निर्णयबिंदू: उद्याच्या आजाराची आजची किंमत

अर्थ खात्याशी सगळ्यात मोठा वाद वटावाच्या दरावरून झाला. तो समजून घेण्यासारखा आहे. यंत्रांचा खर्च आज होतो. टळणारा आजार वीस-तीस वर्षांनी दिसला असता. दोन्ही एका पारड्यात तोलायचे तर भविष्यातला लाभ आजच्या किमतीत आणावा लागतो. त्यासाठी दर वर्षामागे जितके टक्के घट धरतात, तो वटावाचा दर. वीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० च्या लाभाची आजची किंमत ३ टक्के दराने सुमारे ५५ होते आणि ७ टक्के दराने सुमारे २६. तीस वर्षांनी मिळणारा असेल तर अनुक्रमे ४१ आणि १३. म्हणजे तीस वर्षांच्या हिशेबात नुसता दर बदलला की सिलिकोसिसचं वजन एक तृतीयांशापेक्षाही कमी होऊन बसतं. कामगाराचं फुप्फुस तेच राहतं.

अर्थ खात्याला ७ टक्के हवे होते. आमचं म्हणणं की आरोग्याला हा दर लावणं अन्यायाचं आहे. दोन्ही बाजूंना आधार होते. अमेरिकेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत ३ आणि ७ टक्के, असे दोन्ही दर लावून दाखवायला सांगितलं होतं. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण दर साडेतीन टक्के आहे, पण आरोग्याच्या परिणामांसाठी तो दीड टक्का धरतात.

जिवाच्या किमतीवरूनही बैठकीत आवाज चढले. कामगार प्रतिनिधी म्हणाले, “तुम्ही माणसाचा भाव ठरवताय.” हे ऐकून वाईट वाटतं आणि वाटायलाही हवं. या पद्धतीत प्रत्यक्षात विचारतात ते वेगळं. समजा १०,००० माणसांपैकी एकाचा मृत्यू टळेल इतका धोका कमी करायला त्यातला प्रत्येक जण १०० द्यायला तयार आहे. तर सगळे मिळून १० लाख देतील, आणि त्या धोक्यातून वाचणाऱ्या एका अनाम जिवासाठी तोच आकडा हिशेबात धरतात. पण यात एक गोम आहे. माणूस किती द्यायला तयार आहे हे त्याच्या खिशावर अवलंबून असतं. गरीब कामगाराच्या उत्तरावरून आकडा काढला तर तो कमीच येणार. म्हणून आम्ही सगळ्या लोकसंख्येसाठी एकच किंमत धरली आणि तसं अहवालात स्पष्ट लिहिलं.

वाद मिटत नव्हता. शेवटी एका सहकाऱ्याने उलटा हिशेब सुचवला. लाभ किती हे सांगायच्या भानगडीत पडायचं नाही. नियमाचा खर्च भरून निघायला किती आजार टळावे लागतील ते दोन्ही दरांनी काढायचं आणि डॉक्टरांना विचारायचं की एवढे टळणं पटण्यासारखं आहे का. तक्त्याच्या पर्यायात हा आकडा ७ टक्क्यांनीही इतका लहान आला की अर्थ खात्याने हरकत मागे घेतली. दराचा वाद तसाच राहिला, पण निर्णय त्याच्यावर अडून राहिला नाही.

खर्चाचे दावे

मोठ्या उद्योगांच्या संघटनेने लिहिलं होतं की ५० ची मर्यादा तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे आणि कारखाने बंद पडतील. असे दावे सरसकट खोटे मानू नयेत, पण ते तसेच स्वीकारूही नयेत. अमेरिकेत १९७४ मध्ये प्लॅस्टिक बनवायला लागणाऱ्या व्हिनाइल क्लोराइड वायूची मर्यादा दहा लाख भागांत ५०० वरून १ वर आणली, तेव्हाही उद्योग बुडेल असं सांगितलं गेलं होतं. उद्योगाने प्रक्रिया बंदिस्त केल्या, वाया जाणारा वायू परत वापरला आणि उद्योग टिकला. आधी केलेले अंदाज आजच्या यंत्रांवर बेतलेले असतात, आणि नियम आला की यंत्रंही बदलतात.

कागदपत्रांचा भार आम्ही डच पद्धतीने काढला. एका कामाला लागणारा वेळ, तासाचा मोबदला, वर्षातून किती वेळा आणि किती जणांना, यांचा गुणाकार. त्यात दिसलं की सक्तीच्या मोजमापाच्या नोंदी ठेवण्याचा भार माणशी पाहिला तर लहान कार्यशाळेवर मोठ्या कारखान्याच्या कितीतरी पट पडतो. मालकीणबाई बरोबर होत्या.

शेवटी काय केलं

मंत्र्यांना ५० चा आकडा सोडणं शक्य नव्हतं, आणि सोडायची गरजही नव्हती. मर्यादा सगळ्यांसाठी ५० झाली. पण कार्यशाळांसाठी कामनिहाय तक्ता जोडला आणि तो पूर्ण पाळणाऱ्यांना मोजमापातून सूट दिली. कार्यशाळेत कोरड्या कापणीला बंदी आली. मोठ्यांना कमी मुदत, लहानांना जास्त. छातीची नियमित तपासणी मालकाच्या खर्चाने. तीन वर्षांनी फेरआढावा घ्यायचा, असं कलमातच घातलं. छाननी मंडळाने दुसरा मसुदा मान्य केला.

घोषणेपासून नियम लागू होईपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात जे कामगार कोरडा दगड कापत राहिले, त्यांचा विचार मनातून जात नाही. कोरड्या कापणीवरची बंदी तेवढी आधी आणता आली असती. तिच्यावर कुणाचाच गंभीर आक्षेप नव्हता. सगळा नियम एकाच गठ्ठ्यात पुढे न्यायचा, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकलं होतं.

निष्पत्ती

फेरआढाव्याच्या वेळी मी त्या कक्षात नव्हते, पण मला बोलावलं होतं. कार्यशाळांत पाणी आलं होतं, हे खरं. निरीक्षकांच्या नोंदी तेच सांगत होत्या आणि मी पुन्हा भेट दिलेल्या ठिकाणीही ते दिसलं. काय करायचं ते कळल्यावर बहुतेक मालकांनी ते केलं होतं.

तीन गोष्टी मात्र आमच्या अहवालात कुठेच नव्हत्या.

पहिली म्हणजे गाळ. पाण्याने कापलं की धूळ हवेत न जाता चिखल होऊन खाली साचते. तो चिखल रात्रीत वाळतो, सकाळी कुणीतरी कोरडा झाडू मारतं आणि कालची सगळी सिलिका पुन्हा हवेत. तक्त्यात कापण्याबद्दल सगळं होतं, झाडण्याबद्दल काही नव्हतं. झाडणारा माणूस बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी पगाराचा होता, आणि त्याला मास्कही नव्हता, कारण तो ‘कापणारा’ नव्हता.

दुसरी गोष्ट घरी बसवण्याच्या कामाची. नियम कार्यशाळांसाठी होता. कार्यशाळेत कोरडी छाट बंद झाल्यावर काही जणांनी उरलेलं काम ग्राहकाच्या घरी करायला सुरुवात केली, आणि तिथे पाण्याचं यंत्र न्यायला कुणी तयार नव्हतं. धोका थोडा कमी झाला आणि थोडा जागा बदलून गेला. असं होतं हे या क्षेत्रातल्या कुणालाही नवीन नाही. एका बाजूची सुरक्षा दुसऱ्या बाजूला वागणं बदलते, हा वाद १९७५ मध्ये गाडीच्या सुरक्षा नियमांवरून सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने उभा केला आणि तेव्हापासून तो शिकवला जातो. मी तो शिकले होते. त्या वयस्कर कारागिराचं वाक्य माझ्या वहीत तारखेसह होतं. ते अहवालात गेलं नाही, कारण त्याच्याजवळ आकडा नव्हता आणि आमच्या हिशेबाच्या तक्त्यात त्याला बसायला रकाना नव्हता. माझ्याकडून झालेली ही सगळ्यात मोठी चूक.

तिसरी गोष्ट अशी की नियमाने धूळ किती कमी झाली, हे आम्हाला सांगताच आलं नाही. नियमाआधीचे नमुनेच नव्हते. आजारावरून कळायला तर आणखी वीस वर्षं लागतील. शिवाय छातीची तपासणी सुरू झाल्यावर नोंदलेले रुग्ण वाढले. आधी न सापडणारे आता सापडू लागले होते. एका बातमीत तेच ‘नियमानंतर आजार वाढला’ म्हणून छापून आलं. वाढलेल्या नोंदींचा अर्थ काय लावायचा हे आम्ही आधीच लिहून ठेवलं असतं तर खात्याला उत्तर देता आलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, फाइल आली त्याच आठवड्यात थोड्या कार्यशाळांत पंप बांधून नमुने घ्यायला हवे होते. दहा-वीस जागासुद्धा पुरल्या असत्या. त्याचा खर्च आमच्या एका मोठ्या बैठकीपेक्षा फार जास्त झाला नसता. ते काम कार्यालयाबाहेरचं होतं आणि आम्हाला कार्यालयातलं काम येत होतं, एवढंच कारण मला आज दिसतं.

दुसरं, दगडाचा पूर्ण प्रवास मांडायला हवा होता: कापणं, घासणं, झाडणं, वाहून नेणं, बसवणं, उरलेला गाळ टाकणं. आम्ही नियमाची हद्द आधी आखली आणि मग तिच्या आतला परिणाम मोजला. धोका जिथे जिथे जातो तिथपर्यंत आधी जाऊन मग हद्द ठरवली असती, तर बसवणारे कामगार सुटले नसते.

मंत्र्यांनी आधीच घोषणा केली याचं काय, असं मला अनेकदा विचारतात. तसं होतच राहील, ते मूल्यमापन कक्षाच्या हातात नाही. आमच्या बाबतीत घोषणेत आकडा ठरला होता, पण तो गाठायचा कसा हे ठरलेलं नव्हतं, आणि उपयोगाची सगळी जागा तिथेच होती. ती आम्हाला दिसायला छाननी मंडळाने मसुदा परत पाठवावा लागला.

फेरआढाव्यानंतर तक्त्यात तीन ओळी वाढल्या. गाळ ओला असतानाच उचलायचा. कोरडा झाडू बंद, त्याऐवजी पाणी किंवा बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम. आणि घरी बसवताना मारलेल्या प्रत्येक छाटेला कार्यशाळेचाच नियम. या वेळी ओळी लिहिण्याआधी नमुने घेतले. पहिला पंप दगड बसवायला निघालेल्या कामगाराच्या कमरेला बांधला.